टाचेचं रक्त

मुलुंड, मुंबई
९ जानेवारी १९८४

चंद्रकले,

पत्राची सुरुवात नेहमीसारखी आशीर्वादाने केली असती, पण आज ते जमत नाही. मला राग आलाय. कोणाचा, ते पत्र संपेपर्यंत ठरेल.

आमच्या शेजारी पुष्पाबाई राहतात. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या सुनेला मुलगी झाली. ती ज्या हॉस्पिटलात होती तिथे एक नवीन काम सुरू झालंय. बाळ पाच दिवसांचं झालं की त्याच्या टाचेला सुई टोचायची, रक्ताचे दोन-चार थेंब जाड टिपकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि प्रयोगशाळेत धाडायचे. कोवळ्या जिवाला कशाला टोचता म्हणून पुष्पाबाईंनी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. थोड्याच दिवसांत त्यांना बोलावणं आलं. मुलीच्या गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी काम करत नव्हती. तिच्या रसावर मूल वाढतं, मेंदू वाढतो. रस नसला तर मूल मंद होतं, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत औषध मिळालं नाही तर नंतर कितीही दिलं तरी मेंदूला पुरत नाही. औषध काय, तर एक गोळी. एवढुशी. चुरून आईच्या दुधात कालवायची आणि रोज पाजायची. ती मुलगी आता मला बघून पाय नाचवते.

मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, गोळी मिळाली नसती तर काय झालं असतं? त्या सांगत गेल्या आणि माझ्या डोळ्यांपुढे तुझी शकुन उभी राहत गेली. रडत नाही. पाजायला उठवावं लागतं. महिनाभर पिवळी. जीभ बाहेर. बेंबी फुगलेली. हातपाय गार. हे सगळं आपल्या शकुनला होतं, चंदे, आणि आपल्या घरात काय चाललं होतं? कौतुक! ‘किती गुणाची पोर, माय वावरात गेली तरी रडत नाही.’ आत्याने तर गावभर मिरवलं. गुणाची कसली, तिच्या अंगात रडायचंही बळ नव्हतं! पाच वर्षांची झाली तरी ती बोलत नाही, दोन वर्षांच्या पोराएवढी दिसते, आणि आपण म्हणत राहिलो की उशिरा बोलेल.

मी शकुनचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, तिचे आईवडील नात्यातले आहेत का? मी म्हटलं, सख्खे आते-मामे, आमच्या आत्याचा मुलगा केवळ आणि माझी बहीण. त्या म्हणाल्या, काही घरांत हा दोष रक्तातून उतरतो. आईबापांत लपून असतो, त्यांना काही होत नाही. दोघांचाही मुलात आला की मूल आजारी पडतं.

शकुनला ताबडतोब नागपूरला ने. केवळला सांग, कामं राहू देत. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या टॉनिकच्या बाटल्या उकिरड्यावर टाक.

राग कोणाचा ते अजून ठरलं नाही.

तुझी ताई,
सुलोचना

●

कोंढा, ता. पवनी
३० जानेवारी १९८४

ती. ताईस चंद्रकलाचा नमस्कार.

तुझं पत्र गोठ्यात बसून वाचलं. घरात वाचलं असतं तर तोंडावरून कळलं असतं.

तुला राग आला. येऊ दे बाई, येऊ दे. मुंबईत बसून राग करायला काय लागतं? मी पाच वर्षं या पोरीचं करतेय. तिला भरवते, धुते, तिचे केस झडतात ते गोळा करते. गावातल्या बाया तिच्यासमोरच म्हणतात, ‘चंद्रकलाची पोट्टी येडी हाय.’ मी हसून पुढे जाते, कारण भांडायला लागले तर रोजच भांडावं लागेल. आणि तू आता पाचव्या वर्षी लिहितेस की एक गोळी होती! हे मला कशाला सांगितलंस? निदान नशीब तरी म्हणत होते. आता तेही म्हणता येत नाही.

आणि कौतुक काय आत्यानेच केलं? बारशाला तू आली होतीस. मांडीवर घेऊन तूच म्हणाली होतीस, माझ्या वर्गातली पोरं अशी शांत असती तर मास्तरकी सोपी झाली असती. सगळे हसले होते. मीही हसले होते.

डॉक्टरचं म्हणशील तर आम्ही काय गेलोच नाही? चारदा गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ती सहा महिन्यांची होती. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, ही मान धरत नाही. ते म्हणाले, ‘काही मुलं सुस्त असतात बाई, मोठी झाली की बोलेल, पळेल.’ टॉनिक लिहून दिलं. येताना भांड्यांच्या दुकानांच्या ओळीतून तिच्यासाठी पितळी वाटी घेतली आणि उड्या मारत घरी आलो.

एक गोष्ट हात जोडून सांगते. ते नात्यातल्या लग्नाचं आत्याच्या कानावर घालू नकोस. माय गेल्यावर आपल्याला आंबागडहून इथे तिने आणलं. मला सून केलं ते माझ्या सुखासाठी केलं. या घरात मला एका शब्दाचाही जाच नाही. तिला हे कळलं तर ती जगायची नाही.

शकुनला नागपूरला हे घेऊन जातील. मला सध्या एसटीचे धक्के सोसवत नाहीत.

तुझी,
चंद्रकला

●

मुलुंड
१४ फेब्रुवारी १९८४

चि. चंद्रकलास आशीर्वाद.

एसटीचे धक्के सोसवत नाहीत म्हणे! लहानपणी पवनीच्या जत्रेला बैलबंडीच्या दांडीवर बसून जाणारी तू. कितवा महिना? मला लिहायला लाजलीस की भ्यालीस?

बारशाला बोलले होते ते माझ्या लक्षात आहे. त्याबद्दल तुला जे बोलायचं ते समोर आल्यावर बोल, मी ऐकेन. आत्ता वेळ नाही.

मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, एका मुलाला झालं असेल तर पुढच्या प्रत्येक मुलाला चारात एक वेळा होऊ शकतं. तीन वेळा नाही होणार, हे मला समजावून सांगत होत्या. मला मात्र ती एकच वेळ ऐकू येत होती. त्यांनी टिपकागदाचे दोन तुकडे दिलेत, सोबत पाठवलेत. नीट वाच. बाळ पाच दिवसांचं झालं की उपकेंद्राच्या नर्सबाईंना बोलाव. टाच कोमट पाण्याने शेकायची, बाजूला टोचायची, आणि कागदावरच्या गोलांत एकेक मोठा थेंब पडू द्यायचा, इतका की मागच्या बाजूने दिसला पाहिजे. सावलीत वाळवायचा. चुलीजवळ नाही, उन्हात नाही. थेंबाला बोट लावायचं नाही. कागदाला दुसरं काहीही लागू द्यायचं नाही. मग कोऱ्या पाकिटात घालून माझ्या पत्त्यावर टाक. मी स्वतः नेऊन देईन.

हे बाळ शांत निघालं तर कौतुक करणाऱ्या पहिल्या बाईच्या थोबाडीत मार. माझ्या नावावर मार.

तुम्ही दोघं आते-मामे, त्यातून हा धोका आलाय, म्हणून तपासणी टाळता येणार नाही. बाकी कोणाला सांगायचं नसेल तर नको सांगू, पण केवळला सगळं सांग. बापाला माहीत असायला हवं.

ताई

●

कोंढा
६ मार्च १९८४

सुलोचने,

मी सत्यभामाबाई, तुही आत्या, बोलून राहिलो, केवळ लिहून राहिला. त्याले म्हटलं, जसंच्या तसं लिही, साखर नोको लावू.

तुह्यं टपाल आलं तवा चंदी पान्याले गेल्ती. म्या केवळले म्हटलं, वाच. त्यानं अर्धं वाचलं अन् कागद दुमडला. म्या म्हटलं, पुरं वाच. मंग वाचलं.

तुह्या मायनं डोळे मिटले तवा तू सात वर्साची होती अन् चंदी रांगत होती. तुह्या बापानं माह्यासमोर हात जोडले. म्या दोघीले बंडीत घालून आंबागडहून आनलं. केवळच्या वाटचं दूध चंदीले पाजलं. थे मोठी झाली तवा म्या इचार केला, पोरगी लोकाच्या घरी कायले देऊ? भावाची लेक हाय, माह्या हातची हाय, माह्याच डोळ्यासमोर राहीन, कोनाचा सासुरवास नाही. सारं गाव म्हने, सत्यभामाबाईनं पुन्य केलं. अन् तू शिकलीसवरली मास्तरीन मले सांगतेस का थ्या लग्नानंच माह्या नातीचा घात झाला? हे आयकाले म्या तुले शिकोलं काय?

अन् हे कागद! पाचवीच्या राती सटवाई लेकराचं नशीब लिहाले येते. आपन तिच्यासाठी कोरा कागद ठेवतो, लेखनी ठेवतो. त्याच दिवशी तू कोऱ्या कागदावर लेकराचं रगत मांगतेस. बारसं नाही झालं, नाव नाही ठेवलं, अन् त्याचं रगत टपालात टाकाचं! कोनाच्या हाती पडलं तं? आमच्या घरात लेकराचं नख बी उंबऱ्याबाहेर फेकत नाही. तू इसरली काय?

माह्या घरातून रगत जानार नाही. हे माह्यं शेवटचं बोलनं हाय.

तुह्या खोकल्याचं काय झालं थे लिहिलं नाही तुवा. अडुळसा घेत जा.

सत्यभामाबाई

सौ. सुलोचनाताईंना केवळरामचा नमस्कार. मायने सांगितले तसे लिहिले. ही खालची ओळ तिला वाचून दाखवणार नाही. शकुनला गेल्या आठवड्यात नागपूरला नेऊन आणले. तुम्ही लिहिले तेच निघाले. गोळी सुरू केली आहे, मायला ताकदीची गोळी म्हणून सांगितले. गोळी भंडाऱ्यालाच मिळते. टॉनिक घेत होतो त्याच दुकानात. दुकानदार म्हणाला, ही तर कायमची असते आमच्याकडे. मी दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसलो होतो. कागद पेटीत आहेत.

●

मुलुंड
२० मार्च १९८४

ती. आत्यास सुलोचनाचा नमस्कार. केवळ, हेही जसंच्या तसं वाच.

आत्या, तू आम्हाला आणलं नसतंस तर आम्ही दोघी कुठे असतो हे मला रोज आठवतं. म्हणूनच तुझ्याशी भांडतेय. परक्या बाईशी मी एवढं भांडले नसते, एक पत्र टाकून गप्प बसले असते.

तू चंदीला सून केलंस त्यात पाप नव्हतं. आपल्याकडे सगळेच करतात. कोणाच्या रक्तात काय लपलंय ते बाहेरून दिसत नाही, तुलाही दिसलं नाही. पण आता कळलंय. कळल्यावरही हात बांधून बसलीस तर मात्र मी तुला माफ करणार नाही, हे लिहून ठेवते.

आणि सटवाईचं काय सांगतेस? शकुनच्या पाचवीलाही तू कोरा कागद ठेवला होतास. लेखणी ठेवली होतीस. काय लिहिलं तिने त्यावर? मला वाचून दाखव! सकाळी कागद कोराच होता ना? मग एकदा तरी कोऱ्या कागदावर काहीतरी दिसू दे, ज्यावरून माणसाला काही करता येईल.

करणीचं म्हणशील, तर पाकीट माझ्याच नावाने येईल आणि मीच उघडेन. माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांग.

खोकला बरा आहे. अडुळसा घेते.

तुझी,
सुलोचना

●

कोंढा
१२ जुलै १९८४

ती. ताईस नमस्कार.

शुक्रवारी पहाटे मुलगा झाला. मी बरी आहे. धानाच्या रोवण्याचे दिवस, सगळं गाव बांध्यांमधे चिखलात, म्हणून बघायला फारसं कोणी आलं नाही. बरंच झालं.

तुझ्या मार्चच्या पत्रानंतर आत्या माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. कागदाचा विषय कोणी काढला नाही. परवा पाचवी होती. ह्यांनी नर्सबाईंना आणलं. आत्या बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. मी म्हटलं, आत्या, शकुनच्या वेळी काय झालं ते तू बघितलंस. आज अडवलंस तर मी पोराला घेऊन या घरातून जाईन. माझ्या तोंडून असं काही निघेल हे मलाच ठाऊक नव्हतं, ताई. चार महिन्यांचा राग एकदम बाहेर आला. तिने चौकटीवरचे हात काढले. बाजूला झाली.

नर्सबाईंनी टोचलं. तू सांगितलंस तसे थेंब मोठे पडले, मागून दिसले. पण ताई, सुई टोचली तरी पोरगा नुसता कण्हला. दार करकरावं तेवढाच आवाज. नर्सबाई म्हणाल्या, मोठा सोशिक आहे. मला थोबाडीत मारायचं होतं, तुझ्या नावावर. हात उठला नाही.

तो झोपतो. खूप झोपतो. गालावर टिचक्या मारून पाजते. डोळे पिवळे वाटतात. मी त्याचे पाय चोळत बसते आणि मनात म्हणते, रड रे माझ्या बापा, घर डोक्यावर घे.

कागद सावलीत वाळवला. मला उठायची मनाई, म्हणून पाकीट आत्यानेच बंद केलं. तिने आपणहून मागून घेतलं, याचं मला नवल वाटलं. तुला राग जरा कमी करायला हरकत नाही.

चंद्रकला

●

मुलुंड
२४ जुलै १९८४

चंदे,

तार केलीच आहे, ‘कागद खराब, रक्त पुन्हा पाठवा.’ तारेत राग मावत नाही म्हणून हे पत्र.

पाकीट उघडलं आणि हळदीचा वास आला. कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू! लग्नपत्रिकेला लावतात तसं. आणि मधल्या तीनही थेंबांवर कुंकवाचं एकेक बोट, नीट, पूजेला लावावं तसं, ओलं करून. रक्त कुठलं आणि कुंकू कुठलं कळेना. तरी मी तशीच धावत गेले. प्रयोगशाळेतल्या माणसाने कागद उजेडाकडे धरला आणि मला परत दिला. म्हणाला, बाई, याचं काही होणार नाही. मी त्याच्याशीही भांडले. त्याचा काय दोष?

मी लिहिलं होतं की नाही, कागदाला दुसरं काहीही लागू द्यायचं नाही? मराठीत लिहिलं होतं ना? की मुंबईला येऊन माझं मराठी तुम्हाला कळेनासं झालं? शुभ व्हावं म्हणून लावलं असेल! आपल्या घरातल्या प्रत्येक गोष्टीला शुभ व्हावं म्हणूनच काहीतरी लावलेलं असतं. लग्न शुभ व्हावं म्हणून नात्यात केलं. पोर शांत म्हणून शुभ. आता रक्तालाही कुंकू. त्या पोराचे दिवस जातायत, चंदे! तू लिहितेस झोपतो, डोळे पिवळे, टोचलं तरी रडत नाही. मला इथे जेवण जात नाही.

नवे दोन कागद पाठवतेय. नर्सबाईंची वाट बघू नका. भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे जा, त्यांच्यासमोर रक्त काढा, आणि तिथल्याच टपाल कचेरीत टाका. पाकीट घरी न्यायचं नाही.

केवळ, हे पत्र तूच वाचून दाखव. आत्याला. सगळं.

सुलोचना

●

भंडारा
१ ऑगस्ट १९८४

सौ. सुलोचनाताईंना केवळरामचा नमस्कार.

टपाल कचेरीतल्या बाकावर बसून लिहीत आहे. पाकीट याच डाकेने रजिस्टर केले. त्याला फक्त डॉक्टरांचा आणि माझा हात लागला.

तुमचे पत्र मी मायला सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘म्या चांगल्यासाठी लावलं. लेकराचं पहिलं रगत उंबऱ्याबाहेर चाललं होतं, तसंच बोडखं कसं धाडू?’ मग मी तिला नागपूरचेही सांगितले, शकुनच्या गोळीचे. पाच महिने लपवले होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती उठून शकुनजवळ गेली, तिचे तोंड दोन्ही हातांत धरून बघत बसली. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आज सकाळी मी एकटाच पोराला घेऊन निघणार होतो, कारण सव्वा महिना झालेला नाही आणि बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही हा मायचाच नियम. तर मायच लुगडे बदलून उभी. म्हणाली, ‘चंदी येईन. पाजनार कोन, तू? अन् मी बी येतो.’ पोराला तिनेच पदरात घेतले. बसमधे कोणालाही सरकून बस म्हणाली नाही, उभीच राहिली.

डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान मुलाला काय झाले असणार, मुंबईचे लोक उगाच घाबरवतात, महिनाभर टॉनिक देऊन पाहू. चंद्रकला काही बोलणार तोच माय पुढे झाली. दवाखान्यातली सगळी माणसे ऐकत होती. ‘नातीच्या वक्ती तू म्हनला, मोठी होईन तं बोलन. थे मोठी झाली. बोलली नाही. आता तू बी बोलू नोको. रगत काढ.’ डॉक्टरांनी सुई मागवली. मग म्हणाले, असला रोग त्यांनी पुस्तकात वाचला होता, समोर आला ते ओळखले नाही. चंद्रकला म्हणाली, मी चार वेळा आणून दाखवली होती. त्यांनी खाली बघितले.

रक्त काढताना माय लांब भिंतीशी उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मी म्हटले, जवळ ये, पोराला धर. ती म्हणाली, ‘नोको. माह्या हातानं अजून काही होईन.’

ताई, तुम्ही रागावता ते बरोबर आहे. पण पुढचे पत्र तिला थोडे बरे लिहा.

केवळराम

●

तार
११ ऑगस्ट १९८४

रोग आहे. गोळी आजच सुरू करा. उद्या नको. आत्याला नमस्कार. सुलोचना.

●

कोंढा
१९ जानेवारी १९८६

ती. ताईस नमस्कार.

संक्रांतीचा तिळगूळ पोचला. तुझ्या चिठ्ठीत तू विचारलंस, ईश्वर कसा आहे आणि मी सविस्तर का लिहीत नाही. आज लिहिते.

ईश्वर दीड वर्षाचा झाला. पळतो. कोंबड्यांच्या मागे लागतो, धानाच्या पोत्यावर चढतो, ह्यांच्या सायकलची घंटी वाजवतो. मुठीत धरून मातीसुद्धा खातो. मागच्या महिन्यात ह्यांनी त्याला नागपूरला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला ठोकळे दिले, त्याने एकावर एक रचले आणि मग लाथ मारून पाडले. डॉक्टर म्हणाले, उत्तम, गोळी मात्र कधीही चुकवू नका. गोळी आत्या देते. सकाळी आंघोळ करून, तोंडात पाणीसुद्धा न घेता. आधी त्याला, मग शकुनला. आता कशालाही हळदकुंकू लावायचं झालं तर ती मला विचारते, चंदी, इथं चालते काय? आधी मला त्याचं बरं वाटायचं. आता नको वाटतं. एवढीही खाली मान घालू नये तिने.

शकुन सात वर्षांची झाली. गोळीने तिचं अंग मऊ झालं, केस आले, ती उंच झाली. पोट साफ होतं. हसते. बस, तेवढंच. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, शरीर भरून येईल, डोक्याचं जे राहिलं ते राहिलं. दोघांची एकच गोळी, एकाच बाटलीतली. त्याला सहाव्या आठवड्यात मिळाली आणि हिला सहाव्या वर्षी.

गावातल्या बाया म्हणतात, ‘पोरगा किती हुशार निंगाला, बापावर गेला.’ मी त्यांना सांगते, हुशार नाही, वेळेवर रक्त तपासलं म्हणून असा आहे. नाहीतर हाही त्या कोपऱ्यात बसला असता. त्यांना आवडत नाही. गिरजाबाई परवा म्हणाल्या, ‘जाऊ दे व, देवानं जसं देल्लं तसं घ्याव.’ मी पाण्याची गुंडी तिथेच ठेवली आणि विहिरीवर सगळ्यांसमोर त्यांना बोलले. म्हटलं, देवाने गोळी पण दिली होती, ती भंडाऱ्यात दुकानात पडून होती, आम्ही तिच्यासमोरून चारदा गेलो. त्या माझ्याशी आता बोलत नाहीत. नको बोलू देत.

आणि काल जे झालं त्यासाठी हे पत्र.

मी चुलीपुढे भाकरी करत होते. ईश्वर मागून येऊन मला लोंबकळला आणि ओरडला, ‘माय! माय!’ तो दिवसभर ओरडतो, मी लक्ष दिलं नाही. मग दुसऱ्या बाजूने कोणीतरी पदर ओढला. शकुन होती. तिने त्याच्याकडे बघितलं, तो कसं तोंड करतो ते नीट बघितलं, आणि तसंच तोंड केलं. बराच वेळ लागला. ‘मा’ निघालं, मग थांबली, मग ‘य’. तो टाळ्या वाजवायला लागला. त्याने तिला परत म्हणायला लावलं आणि तिने परत म्हटलं.

आत्या रडायला लागली. हे वावरातून धावत आले. सगळे म्हणाले, चंद्रकला, केवढी आनंदाची गोष्ट. मीही तिला जवळ घेतलं, मुके घेतले. मग गोठ्यात गेले आणि शेणाची टोपली भिंतीवर आदळली. दोनदा.

सात वर्षांच्या पोरीला दीड वर्षाच्या भावाने आईला हाक मारायला शिकवलं, ताई. मी काय करू? नाचू? ती हाक मला सहा वर्षांआधी यायची होती. ती माझी होती. तिचीही होती. कोणीतरी ती घेतली आणि मला त्याचं नाव सांगता येत नाही. आत्याचं म्हणू, तर ती रोज माझ्यासमोर झुरते. डॉक्टरचं म्हणू, तर त्याने एकदा मान खाली घातली आणि झालं. तुझं म्हणू, माझं म्हणू? तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, राग कोणाचा ते अजून ठरलं नाही. दोन वर्षं झाली. तुझं ठरलं असेल तर मला कळव, कारण माझा अजून तसाच आहे आणि तो ठेवायला मला जागा नाही.

ती आता बाहेर अंगणात आहे. मला हाका मारतेय. भाकरी टाकायची आहे, पण मी उठते.

तुझी,
चंद्रकला